तारदोर, विंचचा

तारदोर, विंचचा : वाहनावरील विंचच्या ढोलावर गुंडाळलेला, भार ओढण्यासाठी वापरला जाणारा पोलादी तारांचा दोर. व्यवहारात यास ‘वायर रोप’ म्हणतात. चिखलात रुतलेली, रस्त्यावरून घसरलेली किंवा उलटलेली वाहने बाहेर काढणे, ओंडके ओढणे इ. कामांसाठी तो वापरतात. वापराबरोबर तो झिजत जातो व ठराविक मर्यादेनंतर बदलावाच लागतो. ही मर्यादा दोराच्या वयावरून किंवा त्याने काल किती भार पेलला यावरून ठरत नाही; दोरावर दिसणाऱ्या व मोजता येणाऱ्या खुणांवरून ठरते.

रचना : बारीक तारा एकत्र पिळून पेड तयार करतात आणि असे पेड गाभ्याभोवती पिळून दोर तयार होतो. गाभा ताग, घायपात यांसारख्या तंतूंचा किंवा पोलादाचा असतो. ६×१९ रचनेच्या दोरात प्रत्येकी १९ तारांचे ६ पेड, म्हणजे एकूण ११४ तारा असतात. एका पेडाला दोराभोवती एक पूर्ण वेढा घेण्यास जी लांबी लागते तिला पीळ-अंतर म्हणतात. ते सर्वसाधारणपणे दोराच्या व्यासाच्या ६ ते ७ पट असते.

तारदोराचा शोध जर्मनीतील हार्ट्‌स पर्वतातील खाणींचे अधिकारी व्हिल्हेल्म आल्बेर्ट यांनी लावला. १८३४ मध्ये क्लाउस्टाल येथील खाणीत त्यांचा दोर प्रथम वापरला गेला. साखळीची एक कडी तुटली की सर्व भार सुटतो. तारदोराची एक तार तुटली, तर तिचा भार उरलेल्या तारांवर वाटला जातो. तुटलेल्या तारा ही दोराने दिलेली पूर्वसूचना असते. तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास मात्र तारदोरही साखळीप्रमाणेच एकाएकी तुटतो.

झिजेची कारणे : ढोलावर व कप्पीवर दोर वारंवार वाकतो व सरळ होतो. त्यामुळे भार मर्यादेत असला, तरी तारांना शिणवटा येऊन त्या तुटतात. वाहनावरील विंचचा ढोल लहान असल्याने हा परिणाम अधिक होतो. सैल गुंडाळलेल्या दोरावर भार येताच वरचा थर खालच्या थरात घुसतो व तारा चेपल्या जातात. दगडांवरून घासणे, गंज आणि वंगणाचा अभाव ही इतर कारणे होत.

खानदेशात ही सर्व कारणे एकत्र आढळतात. मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे महामार्ग धुळे येथे एकमेकांना छेदतात. पहिला शिरपूरच्या उत्तरेस सातपुडा ओलांडतो, तर चाळीसगावच्या दक्षिणेस कन्नडचा घाट आहे. अशा घाटांत दरीकडे कललेली मालवाहू वाहने ओढताना दोर खडकाच्या कडेवरून घासतो. पावसाळ्यात तापीच्या खोऱ्यातील चिकट काळी माती पेडांच्या खाचांत बसते व ओल धरून ठेवते. उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्या आसपास गेले की वंगण पातळ होऊन ओघळते, त्यावर धूळ बसते व गाभा कोरडा पडतो.

तपासणी : दोर भाररहित अवस्थेत पूर्ण उलगडून, माती पुसून पाहावा. उघड्या हाताने तो चाचपू नये. तुटलेल्या तारांची टोके गळासारखी हातात रुततात. जाड चामडी हातमोजे घालून सुती फडके दोरावरून हलके सरकवावे. जेथे धागे अडकतात तेथे तार तुटलेली असते. व्यास मोजताना मापकाचे जबडे पेडांच्या उंचवट्यांवर टेकवावेत, खाचांत नव्हे. टोकाजवळचा व ढोलावर एकावर एक थर चढतो तेथील भाग विशेष काळजीने पाहावा.

बाद करण्याचे निकष : यारीच्या चालत्या दोरासाठी अमेरिकेत प्रचलित असलेले निकष विंचच्या दोरासही मार्गदर्शक ठरतात. एका पीळ-अंतरात मिळून ६ तारा, किंवा एकाच पेडात ३ तारा तुटलेल्या आढळल्यास दोर बाद करावा. मूळ व्यास ५ टक्क्यांहून अधिक घटल्यासही तो बदलावा, उदा., १० मिमी. दोर ९.५ मिमी.पेक्षा बारीक झाल्यास. बाहेरच्या तारांची जाडी एक-तृतीयांशाने झिजणे, दोराला पक्की मोड पडणे, पेड सुटून पिंजऱ्यासारखा फुगवटा येणे, गाभा बाहेर डोकावणे आणि वेल्डिंगच्या किंवा विजेच्या ठिणगीने तारा भाजणे यांपैकी एकही खूण पुरेशी आहे. मोड ठोकून सरळ केली, तरी गेलेले बळ परत येत नाही. पेडांच्या खाचांतून तांबूस भुगा पडत असल्यास गंज आतपर्यंत पोहोचलेला असतो; अशा दोराची बाहेरून दिसणारी चकाकी फसवी असते.

दोष केवळ टोकाशी असेल, तर तेवढा भाग कापून नवे टोक बांधता येते. मात्र उरलेला दोर निर्दोष असावा आणि पूर्ण उलगडल्यावरही ढोलावर साधारणतः ५ वेढे शिल्लक राहावेत. शिकंजा बसविताना इंग्रजी ‘यू’ आकाराचा बोल्ट दोराच्या मोकळ्या टोकावर व खोगीर भार घेणाऱ्या बाजूवर यावे. उलट बसविल्यास बोल्ट भार घेणाऱ्या तारा चेपतो.

सुरक्षितता : १० मिमी. व्यासाचा तंतुगाभ्याचा नवा दोर साधारणतः साडेपाच ते सहा टन भाराला तुटतो. उचलण्याच्या कामात पाच हा सुरक्षितता गुणक धरल्यास त्यावर एक टनाच्या आसपासच भार द्यावा. ताणलेला दोर तुटताच साठलेली ऊर्जा मोकळी होऊन टोके चाबकाप्रमाणे उसळतात. म्हणून ओढणी चालू असता दोराच्या रेषेत व त्याच्या लांबीइतक्या परिसरात कोणी उभे राहू नये. दोरावर जाड घोंगडी टाकल्यास उसळी कमी होते. कारखान्यांतील उचलण्याच्या साधनांच्या दोरांची बारा महिन्यांतून किमान एकदा तज्ज्ञाकडून तपासणी करणे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने बंधनकारक केले. वाहनावरील विंचचा दोर प्रत्येक मोठ्या ओढणीनंतर पाहणे इष्ट असते.

धुळे जिल्ह्यातील व जळगावच्या दक्षिण भागातील काळ्या खडकात विहिरी खोदताना दगड यारीने वर काढतात आणि पुष्कळदा मजूरही त्याच दोराने उतरतात. वाहनासाठी बाद ठरलेला दोर अशा यारीवर चढविणे अत्यंत धोक्याचे असते. रस्त्यावर दोर तुटल्यास माणसाला दूर उभे राहून वाचता येते. विहिरीच्या तळाशी असलेल्या माणसाला बाजूला सरकण्यास जागाच नसते. म्हणून बाद केलेल्या दोराचे लगेच लहान तुकडे करावेत, म्हणजे तो पुन्हा कोणत्याही भाराखाली येत नाही.