परदेशी शिक्षण आणि यजमान कुटुंब : डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या अमेरिकेतील वास्तव्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
परदेशी शिक्षणाचा विचार सामान्यतः प्रवेश, खर्च आणि पदवी या तीन अंगांनी केला जातो. विद्यार्थी तेथे कोणाच्या घरी राहतो, काय जेवतो, आजारी पडल्यास त्याची विचारपूस कोण करते, हे प्रश्न दुय्यम मानले जातात. वस्तुतः शिक्षण पूर्ण होणे वा न होणे पुष्कळदा याच गोष्टींवर अवलंबून असते. मराठी समाजातील याचे आरंभीचे ठळक उदाहरण म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी होत. त्यांच्या वैद्यकीय पदवीविषयी विपुल लेखन झाले आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या अमेरिकेतील दैनंदिन जीवनाचा विचार केला आहे.

परिचयाचा पाया :
गोपाळराव जोशी यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी १८७८ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांच्याशी पत्रव्यवहार केला. वाइल्डर यांनी तो आपल्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. तथापि सोबत ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याचा सल्लाही दिला. न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांनी १८८० मध्ये दंतवैद्याकडे थांबल्या असता तो मजकूर वाचला आणि कोणतीही अट न घालता आनंदीबाईंना पत्र लिहिले. प्रत्यक्ष भेटीपूर्वी सुमारे तीन वर्षे हा पत्रव्यवहार चालला. घर, चालीरीती, आहार व प्रकृती यांची देवाणघेवाण त्यातून झाली. यजमान आणि विद्यार्थी यांची ओळख आधी कागदावर व नंतर उंबरठ्यावर झाली, हे येथे महत्त्वाचे आहे.

रोझेलमधील वास्तव्य :
७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने कलकत्त्याहून निघाल्या व ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्यावेळी त्यांचे वय अवघे १८ वर्षांचे होते. उन्हाळ्याचे दिवस त्यांनी कार्पेंटर कुटुंबात घालविले. कार्पेंटरबाईंना त्या ‘मावशी’ म्हणत. ‘माय मरो, मावशी उरो’ ही म्हण ज्या भाषेत आहे, त्या भाषेत हे संबोधन केवळ सौजन्याचे नसते. हिंदू म्हणूनच जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथील महाविद्यालयातील भाषणात जाहीर केले होते. शाकाहार, कुंकू आणि साडी त्यांनी सोडली नाही आणि यजमानांनीही त्याविषयी आग्रह धरला नाही. मात्र थंडीमुळे नऊवारीऐवजी पाय झाकणारी गुजराती पद्धतीची साडी त्यांनी स्वीकारली. काय सोडावे व काय राखावे याचा निर्णय त्यांच्याच हाती राहिला.

घराबाहेरील वास्तव :
ऑक्टोबर १८८३ मध्ये फिलाडेल्फिया येथील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियामध्ये अभ्यासक्रम सुरू झाला आणि चित्र पालटले. खोलीतील शेगडी नीट पेटत नसे. त्यामुळे धूर किंवा गारठा यांपैकी एक सोसावे लागे. स्वयंपाक स्वतः करावयाचा आणि अभ्यासही सांभाळावयाचा, यात आहाराची आबाळ झाली. त्यांची प्रकृती ढासळत गेली. सुट्टीत त्या रोझेलला जात, तोच त्यांचा आधार होता. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली, परंतु क्षयाने ग्रासलेल्या अवस्थेत त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाच्या पोकीप्सी येथील दफनभूमीत विसावल्या. पाहुणी म्हणून आलेली मुलगी त्या घरात कुटुंबातील व्यक्ती म्हणून नोंदली गेली, याचा हा पुरावा होय.

तुलनात्मक विचार :
१८८३ मध्येच पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या व वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात राहिल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. तेथेही जिव्हाळा होता. परंतु पुढील पत्रव्यवहारात धर्ममत आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांवरून सातत्याने वाद झालेले दिसतात. आश्रय देणारी संस्था मार्गदर्शनाचा अधिकार मागते. कुटुंब तो मागेलच असे नाही, असा भेद यातून सूचित होतो. केवळ दोन उदाहरणांवरून नियम मांडता येणार नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे.

समारोप :
घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावातील विद्यार्थी नागपूर-पुण्यास जावो वा परदेशी, त्याच्यापुढील प्रश्न मूलतः तेच आहेत. निघण्यापूर्वी यजमानांशी मोकळा पत्रव्यवहार, आहाराविषयी स्पष्टता, हवामानाची पूर्वतयारी आणि आजारपणात हाक मारता येईल असे एक तरी घर, या चार बाबींकडे मार्गदर्शक प्राध्यापकांनी लक्ष देणे आवश्यक आहे. आनंदीबाईंना यांपैकी पहिली व शेवटची बाब लाभली. फिलाडेल्फियात मात्र आहार आणि निवारा या बाबी उणावल्या, आणि त्याची किंमत फार मोठी ठरली.