कुळ आणि कमाई : अमेरिकेंतील इटालियनांचा धडा

मनुष्याची ऐपत त्याच्या कुळावरून ठरते, ही समजूत फार जुनी आहे आणि सुशिक्षित घरांतूनही ती अद्याप सुटलेली नाहीं. अमक्यांच्या रक्तांतच व्यापार आहे, तमक्यांच्या डोक्यांत विद्या शिरणेंच शक्य नाहीं, अशीं वाक्यें आपण जेवणाच्या पंगतींत सहज बोलून जातों. बोलणाऱ्याच्या मनांत दुष्टावा असतोच असें नाहीं. डोळ्यांसमोर दिसतें तेंच तो सांगत असतो. परंतु जें दिसतें त्याचें कारण रक्त कीं दुसरें कांहीं, हा विचार क्वचितच होतो. आपल्याच देशांतील जाती घेऊन हा प्रश्न सोडवूं गेल्यास प्रत्येकाचा अभिमान आड येतो आणि वादाचें भांडण होतें. म्हणून प्रस्तुत लेखांत आम्ही एक दूरचें, परंतु पुराव्यानें भरलेलें उदाहरण घेतों. तें म्हणजे इटलींतून अमेरिकेंत गेलेल्या लोकांचें.

इटलीचें नांव महाराष्ट्रास परकें नाहीं. १९०७ सालीं सावरकरांचें मॅझिनीच्या आत्मचरित्राचें मराठी भाषांतर प्रसिद्ध झालें, तेव्हांपासून परवशतेंतून उठलेलें राष्ट्र म्हणून आपण इटलीस ओळखतों. परंतु १८६१ सालीं एक झालेल्या त्या राष्ट्राच्या पोटांत दोन देश नांदत होते. उत्तरेस पीडमाँट, लोंबार्डी, लिगूरिया हे प्रांत. दक्षिणेस नेपल्सच्या भोंवतालचा मुलूख, बासिलिकाता, कालाब्रिया आणि सिसिली बेट. दक्षिणेंत पुष्कळशी जमीन मोठ्या जमीनदारांची. मालक शहरांत राहावयाचा आणि मक्तेदार शेतकऱ्यास पिळावयाचा. सखल भागांत हिंवतापाचें ठाणें. त्यांत १८६९ पासून दळणावर कर बसला, तो १८८४ पर्यंत चालला.

शाळांची गोष्ट तर विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. प्राथमिक शिक्षणाचा जो कायदा पीडमाँटमध्यें १८५९ सालीं झाला तोच पुढें सर्व इटलीस लागू झाला. परंतु शाळेचा खर्च ज्या त्या गांवानें करावा अशी त्यांत योजना होती. ज्या गांवाच्या तिजोरींत पैका होता तेथें शाळा उभी राहिली. जेथें नव्हता तेथें कायदा कागदावर राहिला. परिणाम खानेसुमारींत दिसतो. १८७१ सालीं पीडमाँटमध्यें शेंकडा ४२ माणसें निरक्षर होतीं, तर कालाब्रियांत ८७. चाळीस वर्षांनीं, १९११ सालीं, पीडमाँटमधील आंकडा ११ वर आला. कालाब्रियांतील मात्र ७० च्या आसपासच होता. प्राथमिक शाळांचा भार सरकारनें मुख्यत्वें आपल्या शिरावर घेतला तो त्याच १९११ सालीं.

अशा मुलुखांतून माणसें बाहेर पडलीं यांत नवल नाहीं. १८८० ते १९२० या काळांत सुमारे चाळीस लक्ष इटालियन संयुक्त संस्थानांत उतरले व त्यांतील बहुतेक दक्षिणेचे होते. खेड्यांतला शेतमजूर न्यूयॉर्कला उतरला, कीं मुकादम त्यास रेल्वेच्या वा गटारांच्या कामावर नेई आणि त्याच्या मजुरींतून आपला वांटा कापून घेई. बायका अंधाऱ्या खोल्यांतून शिवणकाम करीत, मुली कारखान्यांत जात. २५ मार्च १९११ रोजीं न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यास आग लागून १४६ माणसें मेलीं, त्यांत बहुतेक ज्यू व इटालियन तरुणी होत्या.

या लोकांविषयीं अमेरिकेचें मत काय होतें? १८९९ पासून तेथील सरकारी दफ्तरांत ‘उत्तर इटालियन’ आणि ‘दक्षिण इटालियन’ असे दोन निरनिराळे वंशच लिहिले जाऊं लागले. १८९१ च्या मार्चमध्यें न्यू ऑर्लिन्स शहरांत पोलीस अधिकाऱ्याच्या खुनाच्या आळावरून जमावानें तुरुंगांत शिरून अकरा इटालियनांस ठार केलें. वास्तविक त्यांतील एकासही न्यायालयानें दोषी ठरविलें नव्हतें. त्या शहराच्या महापौरांनीं या कृत्याबद्दल अधिकृत क्षमा मागितली ती २०१९ सालीं, म्हणजे १२८ वर्षांनीं.

अडाणी जमावाचें असो. पंडितांनीं काय केलें तें पाहा. पहिल्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यांतील सुमारे सतरा लक्ष शिपायांची बुद्धि मोजण्यांत आली. निरक्षरांसाठीं चित्रें होतीं : टेनिसचें पटांगण दाखवून त्यांतील जाळें गाळलेलें, फोनोग्राफ दाखवून त्याचा कर्णा गाळलेला; काय उणें आहे तें शिपायानें काढावयाचें! ज्यानें सिसिलीच्या खेड्यांत टेनिस पाहिलेंच नाहीं तो जाळें कोठून काढणार? तथापि या आंकड्यांवरून प्रिन्स्टनच्या कार्ल ब्रिगम नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें १९२३ सालीं ग्रंथ लिहून इटालियन वगैरे लोक बुद्धीनें कमी असल्याचा निर्णय दिला. त्याच आंकड्यांत असेंही दिसत होतें कीं, जो परदेशी अमेरिकेंत जितकीं अधिक वर्षें राहिला तितके त्याचे गुण वाढत गेले, आणि वीस वर्षें राहिलेला तेथेंच जन्मलेल्याच्या बरोबरीस आला. ब्रिगमनें त्याचाही अर्थ रक्तावरच लावला : पूर्वीं आलेले वंशच चांगले होते, असें तो म्हणाला. १९३० सालीं त्यानेंच आपला तो निष्कर्ष निराधार असल्याचें प्रसिद्धपणें कबूल केलें. पण दरम्यान, अशाच विचारांच्या लाटेंत, १९२४ चा कायदा होऊन गेला होता. ज्या देशांतून एकेका वर्षांत दोन लक्षांहून अधिक माणसें येत, त्यास वर्षाला अवघीं ३,८४५ माणसें पाठविण्याची मुभा राहिली. कुळावर बसविलेली ही पद्धति १९६५ पर्यंत टिकली. पंडितानें चूक कबूल केली म्हणून ती लगेच सुधारतेच असें नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आपल्या नैयायिकांनीं अशा ठिकाणीं उपयोगी पडणारें एक उत्तम शस्त्र दिलें आहे, त्याचें नांव ‘उपाधि’. जेथें धूर तेथें अग्नि हें खरें. परंतु जेथें अग्नि तेथें धूर, हें खरें नाहीं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. धूर निघतो तो सरपण ओलें असतें म्हणून. हें ओलें सरपण म्हणजे उपाधि. ती न ओळखतां जो धुराचा आळ केवळ अग्नीवर घेतो त्याचें अनुमान फसतें. ‘जेथें दक्षिण इटलीचें रक्त तेथें दारिद्र्य’ हें अनुमान याच जातीचें आहे किंवा कसें, तें अन्वय-व्यतिरेकानें तपासतां येतें.

प्रथम रक्त इटलीचेंच ठेवून देश बदलूं. याच काळांत लक्षावधि इटालियन दक्षिण अमेरिकेंतील अर्जेंटिनांत गेले. आरंभीं उत्तरेकडील अधिक, पुढें दक्षिणेकडीलही पुष्कळ. १८९५ च्या खानेसुमारींत ब्युनोस आयरिस शहराचा चौथ्याहून अधिक हिस्सा इटलींत जन्मलेला होता. तेथें ते लवकर पोहोंचले होते, शहर नुकतें वाढत होतें, भाषा जवळची होती, आणि मधल्या धंद्यांत आधींपासून ठाण मांडून बसलेले लोक थोडे होते. १८५८ सालीं त्यांनीं परस्परसाहाय्याची मंडळी स्थापिली, १८७२ सालीं स्वतःची पेढी काढली. दुकानदार, कारागीर, कारखानदार, घरमालक म्हणून ते न्यूयॉर्कच्या भाऊबंदांपेक्षां किती तरी लवकर वर आले. सॅम्युअल बेली या इतिहासकारानें १९९९ सालीं या दोन शहरांची तुलना करणारा ग्रंथच प्रसिद्ध केला आहे.

आतां देश एकच ठेवून कुळ बदलूं. न्यूयॉर्कच्या शेजारशेजारच्या गल्ल्यांत रशियांतून आलेले ज्यू राहत, आणि त्यांचीं मुलें इटालियनांच्या आधीं वर आलीं. ‘पाहा, रक्ताचाच गुण!’ असें येथें कोणी म्हणेल. परंतु दोघांच्या गांठोड्यांत काय होतें तें पाहावें. १८९९ ते १९१० या काळांत उतरलेल्या दक्षिण इटालियनांत चौदा वर्षांवरील शेंकडा ५४ निरक्षर होते, ज्यूंत २६, आणि उत्तर इटालियनांत अवघे १२ च्या आसपास. म्हणजे अक्षरओळखीच्या बाबतींत उत्तरेचा इटालियन दक्षिणेच्या भाऊबंदापासून जितका दूर होता तितका ज्यूही नव्हता! ज्यू शिवणकामासारखे शहरी धंदे शिकून, बायकामुलांसह, परत न जाण्याच्या निश्चयानें आले. मागें छळ होता. इटालियन शेतमजूर बहुधा एकटा आला, चार पैसे गांठीस मारून गांवीं जमीन घ्यावी या हेतूनें, आणि त्या काळीं आलेल्यांपैकीं निम्म्याच्या आसपास परत गेलेही. ज्यास परत जावयाचें आहे तो मुलाच्या शाळेवर दहा वर्षें कशीं खर्च करणार?

येथें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांनीं थोडें थांबावें. दक्षिण इटलीच्या माणसाचा सर्व विश्वास कुटुंबावर होता. सरकार म्हणजे कर नेणारा आणि सैन्यांत ओढणारा परका. शाळाही सरकारचीच. मुलगा बापापेक्षां शहाणा झाला तर घर मोडेल, अशी भीति त्यांच्या म्हणींतूनही डोकावे. म्हणून मुलगा चौदा वर्षांचा झाला कीं कामावर, आणि मजुरीचें पाकीट आईच्या हातीं. हेंच कुटुंब दुसऱ्या बाजूनें तारकही झालें : एकाच्या मागून दुसरा भाऊ आणला गेला, आजारांत परस्परांस आधार मिळाला, आणि पै पै जोडून घर विकत घेण्यांत आलें. तेव्हां कुटुंबनिष्ठा वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. तिचा शाळेशीं सलोखा होईपर्यंत मुलें अडलीं, एवढेंच.

हा सलोखा घडविण्यांत एका शिक्षकानें आयुष्य वेंचलें, त्याचें नांव लेनर्ड कोव्हेलो. १८८७ सालीं बासिलिकातांतील आव्हिल्यानो गांवीं जन्मलेला हा मुलगा १८९६ सालीं न्यूयॉर्कला आला. त्याचें आडनांव वास्तविक ‘कोव्हिएल्लो’. शिक्षकांना उच्चारणें सोपें जावें म्हणून शाळेंत त्यांतलें एक अक्षर गाळण्यांत आलें, आणि तें पाहून आईबाप दुखावले. आपलें घर, आपली भाषा, आईचा पेहराव यांची लाज बाळगावयास शाळा मुलांस शिकविते, हें त्यानें स्वतः भोगलें. पुढें तो शिक्षक झाला, हायस्कुलांत इटालियन भाषेस इतर परकी भाषांच्या बरोबरीचें स्थान मिळावें म्हणून झगडला, आणि १९३४ पासून १९५६ पर्यंत ईस्ट हार्लेममधील बेंजामिन फ्रँक्लिन हायस्कूलचा मुख्याध्यापक राहिला. त्यानें शाळा आईबापांना उघडी केली, वस्तींत जाऊन त्यांच्याशीं त्यांच्या भाषेंत बोलणें सुरू ठेवलें. ज्या घरास ‘अडाणी’ म्हणून शाळा हिणवीत होती, त्या घराचा मान राखल्याबरोबर तें शाळेकडे वळूं लागलें. आम्हीं आयुष्य शाळेंतच घालविलें असल्यामुळें हा दाखला आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो.

राहिली काळाची कसोटी. १९४४ च्या कायद्यानें युद्धावरून परतलेल्या सैनिकांस कॉलेजचा खर्च आणि घरासाठीं कर्जाची हमी मिळाली. इटालियन तरुण हजारोंनीं त्याचा लाभ घेऊन शिकले. नेपल्सजवळच्या मुलुखांतून आलेल्या आईबापांचा मुलगा ली आयाकोका क्रायस्लर मोटार कंपनीचा प्रमुख झाला. सिसिलियन बापाचा मुलगा अँटोनिन स्कालिया १९८६ सालीं सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला. एकट्यादुकट्याचें सोडा; रिचर्ड आल्बा या समाजशास्त्रज्ञानें १९८५ सालीं दाखवून दिलें कीं, शिक्षणांत तरुण इटालियन पिढी जुन्या इंग्रजी कुळांच्या जवळजवळ बरोबरीस आली आहे. २००० सालच्या खानेसुमारींत सुमारें दीड कोटींहून अधिक लोकांनीं आपलें मूळ इटालियन सांगितलें, आणि त्यांची प्राप्ति राष्ट्राच्या सर्वसाधारण प्राप्तीहून अधिक भरली. लग्नसंबंधही इतके मिसळले कीं, ‘इटालियन रक्त’ म्हणून वेगळें काढावें असें आतां थोडेंच उरलें आहे. उलट जो भाऊ कालाब्रियांतच राहिला त्याच्या प्रांताचें दरडोई उत्पन्न आजही लोंबार्डीच्या निम्म्याहून कमी आहे. रक्त तेंच, सरपण मात्र वेगळें.

येथें एक न्यायाची गोष्टही सांगितली पाहिजे. इटालियन वर आले म्हणून ‘त्यांना जमलें, मग निग्रो लोकांना कां जमूं नये?’ असा प्रश्न अमेरिकेंत पुष्कळदां विचारला गेला. पण १९४४ च्या त्याच कायद्याचें घरकर्ज काळ्या सैनिकास बहुधा नाकारलें जाई, आणि चांगल्या वस्तींत त्यास कोणी घर देत नसे. एकाच्या चुलींतलें लांकूड वाळवून द्यावयाचें, दुसऱ्याच्या लांकडावर पाणी ओतावयाचें, आणि मग कोणाचा विस्तव निर्मळ याचा निकाल द्यावयाचा, हा न्याय नव्हे.

आपल्या घरांत आज चार बुकें आहेत तीं आपण कपाळीं लिहून आणलेलीं नाहींत. कित्येक पिढ्या कोणी तरी कोणास तरी मांडीवर घेऊन अक्षरें गिरवून घेतलीं, आणि ज्यांना तीं गिरवावयास बसूं दिलें नाहीं ते बाहेर राहिले. दोन्ही गोष्टी एकाच अंगणांत घडल्या. म्हणून आमची वाचकांस, आणि विशेषतः घरांतील वडीलधाऱ्या बायकांस, एवढीच विनंति आहे. घरीं कामास येणाऱ्या बाईचा मुलगा ओट्यावर बसून असतो. ‘यांच्यांत शिकण्याची आवडच नाहीं’ असें म्हणण्यापूर्वीं त्याच्या हातीं एक पाटी द्यावी, आणि त्याच्या आईस मानानें आंत बसवून तो कोणत्या इयत्तेंत आहे हें विचारावें. अनुमान मग करावें.