जुन्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचे स्टील गिटारसाठी अनुकूलन : एक विवेचन

प्रस्तावना

सतारीला भोपळा असतो, सारंगीला कातड्याने मढविलेली पोकळ कुंडी असते. तारेच्या क्षीण कंपनाला श्रवणीय नादाचे रूप देण्याचे कार्य हे भाग करतात. विद्युत स्टील गिटारला असा अनुनादक नसतो. तिच्या तारांखालील पिकअप केवळ सूक्ष्म विद्युतसंकेत निर्माण करतो. नाद घडतो तो ॲम्प्लिफायर (प्रवर्धक) आणि ध्वनिक्षेपक यांच्यात. त्यामुळे या वाद्यापुरते तरी ॲम्प्लिफायर हे पूरक उपकरण नसून वाद्याचेच अंग ठरते.

ट्रान्झिस्टरचा प्रसार होण्यापूर्वी घरातील रेडिओ, सभामंडपातील ध्वनिवर्धक आणि यात्रेतील फिरती चित्रपटगृहे या सर्वांचा आवाज निर्वात नलिकांवर, म्हणजेच व्हॉल्व्हवर अवलंबून होता. अशा उपकरणांपैकी बरीचशी कालांतराने भंगारात गेली. काही माळ्यावर अथवा जुन्या रेडिओ मेकॅनिकच्या दुकानात पडून राहिली. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हाही यास अपवाद नाही. सारंगखेड्याच्या यात्रेपासून लग्नसराईतील बँडपर्यंत येथील सार्वजनिक जीवनात ध्वनिवर्धकाला मोठे स्थान आहे. अशा जुन्या यंत्राचा उपयोग स्टील गिटारसाठी करावयाचा झाल्यास त्यात कोणते बदल आवश्यक ठरतात, कोणते टाळावेत आणि त्यामागील भौतिकशास्त्रीय कारणे कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्टील गिटार : स्वरूप व भारतीय संदर्भ

तारेवर पडद्यांऐवजी धातूची कांडी सरकवून वाजविण्याची ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर विकसित झाली. जोसेफ केकुकू यांना तिचे श्रेय सामान्यतः दिले जाते. १९३० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेत विद्युत स्टील गिटार तयार झाली. पुढे पायाने दाबावयाच्या पट्ट्यांनी ठरावीक तारांचा ताण बदलण्याची सोय तिला जोडण्यात आली व १९५० च्या दशकात 'पेडल स्टील गिटार' हे स्वतंत्र वाद्य म्हणून प्रस्थापित झाले.

भारतात पेडल स्टील फारशी रुळली नाही; रुळली ती तिची पूर्वज असलेली हवाईयन गिटार. हवाईयन वादक ताऊ मो यांचे १९४० च्या दशकात कोलकात्यात वास्तव्य होते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हॅन शिप्ली आणि हजारा सिंग यांनी, तर कोलकात्यात सुनील गांगुली यांनी चित्रपटगीतांच्या धुना गिटारवर वाजवून हे वाद्य ग्रामोफोन तबकड्यांच्या द्वारे घरोघरी पोहोचविले. शास्त्रीय संगीतात ब्रिजभूषण काब्रा यांनी तिला प्रतिष्ठा मिळवून दिली. शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासमवेत त्यांनी केलेले 'कॉल ऑफ द व्हॅली' हे १९६७ चे ध्वनिमुद्रण सर्वश्रुत आहे. हे वाद्य भारतीय कानाला परके वाटले नाही याचे प्रमुख कारण मींड होय. कांडी तारेवरून सरकताना दोन स्वरांमधील अंतर अखंड नादाने भरून निघते. मात्र मींड ऐकू यायची तर स्वर शेवटपर्यंत टिकला पाहिजे आणि तो स्वच्छही राहिला पाहिजे. अनुकूलनाच्या सर्व निर्णयांचे मूळ या अपेक्षेत आहे.

विकृतीचा प्रश्न

रॉक संगीतातील गिटारवादक व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर त्याच्या क्षमतेपलीकडे नेऊन मुद्दाम विकृत नाद मिळवितात. त्यामुळे 'व्हॉल्व्हचा आवाज' म्हणजे फाटलेला आवाज, असा समज रूढ झाला आहे. स्टील गिटारची गरज याच्या नेमकी उलट आहे. हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

षड्ज २४० हर्ट्झ व शुद्ध गांधार ३०० हर्ट्झ मानून दोन तारा एकाच वेळी छेडल्या, असे समजू. ॲम्प्लिफायर पूर्णतः रेषीय असेल तर हे दोनच स्वर आणि त्यांचे स्वयंभू नाद ऐकू येतील. तो रेषीय नसेल तर त्यात नवीन वारंवारता निर्माण होतात. दोन्ही वारंवारतांतील फरक ६० हर्ट्झ येतो; षड्जाच्या दुपटीतून गांधार वजा केल्यास १८० हर्ट्झ मिळतात. ६० हर्ट्झ हा दोन सप्तके खालचा षड्ज आणि १८० हर्ट्झ हा मंद्र पंचम होय. म्हणजे सुरेल जुळणीत किंचित विकृतीही सुसंवादी ठरते. व्हॉल्व्हच्या तथाकथित 'उबदार' नादाचा काही अंश यात असावा. समविभागी सप्तकात मात्र गांधार सुमारे ३०२.४ हर्ट्झ येतो आणि फरकाचा स्वर ६२.४ हर्ट्झ होऊन षड्जाशी फटकून वागतो.

आता पेडल दाबून षड्ज स्थिर ठेवीत गांधाराची तार मध्यमापर्यंत, म्हणजे ३२० हर्ट्झपर्यंत नेली असे मानू. वादकाने केवळ अर्ध्या स्वराचे अंतर कापले. पण फरकाचा स्वर ६० वरून ८० हर्ट्झवर गेला, म्हणजे त्याने षड्ज ते मध्यम एवढी झेप घेतली. दुसरीकडे १८० हर्ट्झचा स्वर १६० हर्ट्झवर, म्हणजे उलट दिशेने उतरला. वादकाने न वाजविलेले हे छायास्वर मींडेबरोबर आपल्याच चालीने धावू लागतात आणि नाद गढूळ होतो. स्टील गिटारसाठी शुद्ध वर्धन का हवे, याचे उत्तर येथे सापडते.

सुरक्षितता : पहिली अट

व्हॉल्व्ह यंत्रात २५० ते ४५० व्होल्ट एकदिश दाब असतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहतो. ५० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४०० व्होल्टला ४ ज्यूल ऊर्जा साठवितो. योग्य मार्गाने ती शरीरातून गेल्यास प्राणघातक ठरू शकते. यावर उपाय म्हणून कपॅसिटरच्या दोन टोकांमध्ये १०० किलोओहमचा, ५ वॅटचा रोध कायमचा जोडावा. २५ सेकंदांत दाब तीन व्होल्टच्या खाली येतो. तरीही मीटरने मोजल्याविना हात घालू नये.

विशेष सावधगिरी ट्रान्सफॉर्मरविरहित रेडिओंबाबत आवश्यक आहे. यूसीएल ८२, यूएल ८४ अशा 'यू' अक्षराने सुरू होणाऱ्या व्हॉल्व्हच्या अनेक संचांत वीजपुरवठ्याची एक तार थेट सांगाड्याला जोडलेली असते. अशा संचाला गिटार जोडणे म्हणजे वादकाच्या हातात वीजवाहिनी देणे होय. असे यंत्र या कामासाठी निवडूच नये.

ट्रान्सफॉर्मर असलेल्या यंत्रातही दोन तारांची जुनी दोरी काढून तीन तारांची बसवावी, भूसंपर्कन तार सांगाड्याला पक्की जोडावी व योग्य क्षमतेचा फ्यूज घालावा. ज्या इमारतीत यंत्र वापरायचे तेथील भूसंपर्कनही तपासावे. यंत्र २२० व्होल्टच्या खुंटीवर असताना वाहिनीत २४० व्होल्ट आल्यास ६.३ व्होल्टच्या तापकतंतूला सुमारे ६.९ व्होल्ट मिळतात. ही सामान्यतः मान्य असलेल्या दहा टक्के मर्यादेची कड आहे. म्हणून २४० व्होल्टची खुंटी असल्यास ती निवडावी.

अनुकूलनाचे टप्पे

१. जीर्ण भाग बदलणे : जुने कागदी कपॅसिटर गळू लागतात. आधीच्या व्हॉल्व्हचा धन दाब त्यांतून निर्गम व्हॉल्व्हच्या ग्रिडवर पोहोचतो, व्हॉल्व्ह लाल होतो आणि अखेरीस ट्रान्सफॉर्मरही जळतो. हे कपॅसिटर व वीजपुरवठ्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर प्रथम बदलावेत.

२. आदान संरोध : पेडल स्टीलच्या पिकअपला अनेकदा १५ ते २० किलोओहम रोध व मोठे प्रवर्तकत्व असते. प्रवर्तकत्व ८ हेन्री व रोध १८ किलोओहम मानल्यास, ४७ किलोओहमच्या आदानावर १.३ किलोहर्ट्झपासूनच वरचे स्वरांश घटू लागतात. आदान १ मेगाओहम ठेवल्यास हा परिणाम श्राव्य मर्यादेबाहेर जातो.

३. वर्धन कमी करणे : सभेच्या ध्वनिवर्धकात मायक्रोफोनच्या दुबळ्या संकेतासाठी वर्धनाचे टप्पे अधिक असतात. गिटारला त्यांतील एखादा वगळता येतो. ईसीसी ८३ या व्हॉल्व्हचा वर्धनांक १००, तर ईसीसी ८१ चा ६० आहे. दोघांच्या खुंट्यांची मांडणी सारखी असल्याने बऱ्याच मंडलांत केवळ व्हॉल्व्ह बदलून विकृती कमी करता येते. मात्र बदलानंतर दाब मोजून पाहावेत.

४. खर्जाची वाट मोकळी करणे : भाषणाच्या यंत्रात खर्ज हेतुपुरस्सर कापलेला असतो, कारण कर्ण्याला तो झेपत नाही. ०.००१ मायक्रोफॅरड कपॅसिटर व ४७० किलोओहम रोध यांची छेदवारंवारता सुमारे ३४० हर्ट्झ येते. पेडल स्टीलच्या 'ई-९' जुळणीतील सर्वांत खालची तार सुमारे १२३ हर्ट्झची, तर 'सी-६' जुळणीतील ६५ हर्ट्झची असते. ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातल्यास छेद ३४ हर्ट्झवर येतो. याहून खाली जाण्यात लाभ नाही. लहान गाभ्याचा निर्गम ट्रान्सफॉर्मर अतिखर्जाने संपृक्त होऊन उलट विकृतीच वाढवितो.

५. शक्तीचा राखीव साठा : स्टीलवादक पायाखालील आवाजाचे पेडल प्रथम थोडेच उघडतो आणि तार विझू लागताच ते अधिकाधिक उघडत स्वर टिकवितो. त्यासाठी ॲम्प्लिफायरजवळ न वापरलेली शक्ती शिल्लक असावी लागते. एकाच ईएल ८४ चा रेडिओ सुमारे ५ वॅट देतो. तो घरातील रियाजास पुरेल, मंचावर नव्हे. दोन ईएल ३४ च्या पुश-पुल रचनेतून ४० वॅट मिळाल्यास ९ डेसिबलची वाढ होते. या रचनेत फरकाच्या स्वरासारखी सम कोटीची विकृतीही बऱ्याच अंशी परस्परांना छेदते. ऋण प्रतिसंभरण शाबूत ठेवावे. दिष्टकारी व्हॉल्व्ह काढून सिलिकॉन डायोड बसविण्याचा मोह मात्र आवरावा. त्याने दाब वाढून कपॅसिटर मर्यादा ओलांडतात.

६. ध्वनिक्षेपक : सभेच्या यंत्रांना लांब तारांसाठी १०० व्होल्टची खुंटी असते. ती न वापरता ८ ओहमचा ध्वनिक्षेपक ८ ओहमच्याच खुंटीवर जोडावा. कर्ण्याऐवजी पेटीतील १२ किंवा १५ इंची शंकू हवा. ध्वनिक्षेपक न जोडता व्हॉल्व्ह यंत्रातून संकेत सोडू नये. निर्गम ट्रान्सफॉर्मरमध्ये निर्माण होणारा उच्च दाब त्याचे आवरण फोडतो.

मर्यादा व व्यापक उपयोग

व्हॉल्व्ह वजनदार असतात, उष्णता फार देतात व झिजतात. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एकेकाळी रेडिओचे व्हॉल्व्ह देशातच तयार केले. आज नवे व्हॉल्व्ह प्रामुख्याने रशिया, स्लोव्हाकिया व चीन येथून येतात. १९७० च्या दशकापासून अनेक व्यावसायिक स्टीलवादकांनी ट्रान्झिस्टरची शक्तिशाली यंत्रे स्वीकारली, तीही स्वच्छ नादासाठीच. म्हणजे व्हॉल्व्ह हे साध्य नव्हे. वाद्याला अनुरूप वर्धन हे साध्य आहे.

हा विचार स्टील गिटारपुरता मर्यादित नाही. सातपुड्यातील पावरी किंवा ढोल मंचावर येतो तेव्हा आणि बँडमधील बेंजोला पिकअप लावला जातो तेव्हाही हाच प्रश्न उभा राहतो. भाषणासाठी घडविलेल्या यंत्रातून वाद्य सोडले की खर्ज हरवतो, वरचे स्वरांश बोथट होतात आणि दोष वाद्याच्या माथी मारला जातो.

निष्कर्ष

जुन्या यंत्राचे अनुकूलन म्हणजे त्यात अधिकाधिक भर घालणे नव्हे. सुरक्षितता, योग्य आदान, मर्यादित वर्धन, पुरेसा खर्ज व राखीव शक्ती एवढे साधले तरी कार्य पूर्ण होते. प्रत्येक बदल परत फिरविता येईल असा करावा, मूळ आकृती व काढलेले भाग जपून ठेवावेत. पदवी अभ्यासक्रमात अर्धवाहकांनी व्हॉल्व्हची जागा घेतली आहे आणि ही यंत्रे दुरुस्त करणारे कारागीर आता वृद्ध झाले आहेत. त्यांच्या हातांतील ज्ञान महाविद्यालयीन प्रयोगशाळांनी वेळीच नोंदवून घेतले नाही, तर माळ्यावरील यंत्र एकतर भंगारात जाईल किंवा अजाण हातात पडून जिवावर बेतेल. भौतिकशास्त्र आणि संगीत या दोन विभागांनी एकत्र येऊन हाती घ्यावा असा हा विषय आहे.