दगडांवरची सोयरीक

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत काम करणारी आमच्यासारखी कितीतरी घरे नगर, बीड, जालन्याकडून पोटासाठी इकडे आलेली. सुट्टीत गावी गेलो, की नगरला एक थांबा ठरलेला. आजोळच्या वाटेवरची जुनी ख्रिस्ती दफनभूमी दाखवून आजी म्हणायची, "पाटी-पेन्सिल आपल्या वस्तीत आणणारी माणसं ही!"

ही माणसे अमेरिकन मराठी मिशनची. या मिशनचे पहिले लोक १८१३ साली मुंबईत आले. त्यांतले गॉर्डन हॉल १८२६ साली नाशिककडच्या प्रवासात पटकीने गेले. १८३१ च्या डिसेंबरात अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणे सुरू झाले. सहा महिने होण्याआधीच विल्यम हार्वी पटकीने दगावले. त्यांच्या पत्नी आदल्याच वर्षी मुंबईत वारल्या होत्या.

परक्या मुलखात ही घरे एकमेकांच्या आधाराने राहिली आणि सोयरीकही आपसांत जुळली. बॅलंटाईनांची लेक मेरी वडाळ्याच्या सॅम्युएल फेअरबँकांना दिली. फेअरबँकांची ही दुसरी पत्नी, कारण पहिली १८५२ साली वारली होती. फेअरबँकांची लेक केटी ह्यूमांच्या घरी गेली. तिचे पती रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचीही पहिली पत्नी १८८१ साली गेली होती. हेन्री बॅलंटाईन १८६५ साली मायदेशी परतताना समुद्रात वारले. रॉबर्टचे वडीलही १८५४ साली तसेच बोटीवर गेले. त्यांना मातीही मिळाली नाही. विधवा आई पोरांना घेऊन अमेरिकेला गेली. तीच पोरे मोठी होऊन पुन्हा इकडे कामाला आली.

सिंथिया फॅरारबाईंना ना नवरा, ना लेकरू. १८२७ साली त्या मुंबईत आल्या आणि पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवत १८६२ साली तिथेच वारल्या. जोतिरावांनी त्यांची शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीमाईंनी शिकवण्याचे शिक्षण घेतले तेही फॅरारबाईंकडेच. आज आपली लेक दप्तर घेऊन निघते, त्या वाटेचा एक धागा नगरच्या या मातीत आहे.

कुणी विचारील, ते तर धर्म वाढवायला आले होते, त्यांचे आपल्याला काय? खरे आहे. ते धर्मप्रसारासाठीच आले होते आणि आपण १९५६ साली आपला मार्ग स्वतः निवडला. पण महार-मांगांच्या पोरांना जिथे कुणी उंबऱ्यात उभे करत नव्हते, तिथे त्यांना बसायला जागा देणाऱ्यांचे ऋण नाकारायचे कशाला?

गेल्या खेपेला आमच्या धाकटीने विचारले, "आपल्या पहिल्या माणसांची नावं कुठे लिहिलीत?" आम्ही गप्प झालो. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, नंतर कारखाने वाढले. गाव सोडून पहिल्यांदा इकडे आलेले आमचे काका-मामा, पत्र्याच्या खोलीत बाळंत झालेल्या आत्या, त्यांची गेलेली लेकरे यांची नावे कुठल्याच दगडावर नाहीत.

वाचकहो, घरातले म्हातारे माणूस अजून बोलते आहे, तोवर एक साधी वही करा. कोण कुठून आले, कुणाची लेक कुणाकडे दिली, कोण कधी गेले, एवढेच लिहा. आम्ही या रविवारी बसलो. पहिल्या पानावर आजीचे नाव घातले.