सेवाग्रामचे प्रश्न

डॉक्टर डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढून पाहतात, जीभ दाखवायला सांगतात, तळहात उलटा करून बघतात, नखांवर नजर टाकतात आणि म्हणतात, "अंगात रक्त कमी आहे." वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही बाईला हा प्रसंग नवा नाही. रक्त न काढता, पैसे न घेता झालेली ही तपासणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पण ती खरी किती ठरते?

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी हा प्रश्न धसास लावला. ३९० रुग्णांचे डोळे, जीभ, तळवे आणि नखं त्यांनी तपासली. तपासणाऱ्याला रक्ताचा अहवाल ठाऊक नव्हता. मग प्रयोगशाळेतल्या हिमोग्लोबिनशी निरीक्षणं ताडून पाहिली. फार तीव्र रक्तक्षय असेल तर फिकेपणा काही अंशी खरं सांगतो, पण सौम्य आणि मध्यम रक्तक्षय नजरेतून सहज निसटतो. दोन डॉक्टरांनी एकच रुग्ण पाहिला तरी त्यांचं एकमत फारसं होत नाही. म्हणजे पापणी गुलाबी दिसली म्हणून बाईला 'काही नाही, जा' म्हणून घरी पाठवणं धोक्याचं. हा अभ्यास २०१० साली 'प्लॉस वन' या नियतकालिकात छापून आला.

या संशोधनाला कोणी मोठा पुरस्कार देणार नाही. त्यात नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. तरीही सेवाग्रामची ओळख करून द्यायची तर मी इथूनच सुरुवात करीन. ज्याच्या खिशात तपासणीचे पैसे नाहीत, त्याला उपयोगी पडणारा प्रश्न आधी विचारायचा आणि मग त्याचं उत्तर जगातल्या कोणत्याही विद्यापीठात टिकेल इतक्या काटेकोरपणे शोधायचं, ही या संस्थेची रीत आहे. संस्थेच्या मेडिसिन विभागाने छातीत पाणी झालंय का हे हाताने आणि कानाने कितपत कळतं, ते तपासलं. मान ताठ होणं वगैरे खुणांवरून मेंदूज्वर ओळखता येतो का, हेही पाहिलं. उत्तर नाही असं आलं. खुणा नसल्या तरी संशय असेल तर पाठीतलं पाणी तपासायलाच हवं. पाठ्यपुस्तकात शंभर वर्षं छापल्या गेलेल्या गोष्टी वर्ध्याच्या वॉर्डात पुन्हा तपासून घेण्याला धाडस लागतं, आणि चिकाटी त्याहून जास्त लागते.

संस्था उभी राहिली १९६९ साली, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षात. ग्रामीण भागात सुरू झालेलं देशातलं हे पहिलं वैद्यकीय महाविद्यालय. पण दवाखाना त्याच्या कितीतरी आधीचा. १९४४च्या फेब्रुवारीत कस्तुरबा आगाखान पॅलेसमध्ये वारल्या. त्यानंतर डॉ. सुशीला नायर सेवाग्रामला परतल्या, गावकऱ्यांना औषधं देऊ लागल्या, आणि १९४५ साली बिर्लांच्या अतिथीगृहात स्त्रिया व मुलांसाठी १५ खाटांचा कस्तुरबा दवाखाना सुरू झाला. आज तिथे सुमारे हजार खाटा आहेत. सुशीलाबहेन गांधीजींच्या डॉक्टर म्हणून लोकांना ठाऊक असतात. पण त्या अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून आल्या होत्या आणि १९६२ ते १९६७ या काळात देशाच्या आरोग्यमंत्री होत्या, हे सांगावं लागतं. त्यांच्या नावाने संस्थेत सार्वजनिक आरोग्याची शाळा आहे, डॉ. सुशीला नायर स्कूल ऑफ पब्लिक हेल्थ. माता, नवजात आणि बालआरोग्याच्या समाजाधारित संशोधनासाठी व प्रशिक्षणासाठी जागतिक आरोग्य संघटनेने तिला आपलं सहयोगी केंद्र मानलं.

इथल्या विद्यार्थ्याचं पहिलं वर्ष निराळं असतं. आधी पंधरा दिवस गांधीजींच्या आश्रमात मुक्काम, खादी, प्रार्थना, श्रमदान, साफसफाई. मग प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. मुलं तिथे जाऊन राहतात, एकेकाच्या वाट्याला काही कुटुंबं येतात, आणि पुढची वर्षं त्या घरांशी जाणं-येणं चालू राहतं. एकेकाळी प्रवेशपरीक्षेत गांधीविचाराचा स्वतंत्र पेपर असे. 'नीट' ही देशव्यापी प्रवेशपरीक्षा आली आणि तो गेला. इथल्या पदवीधराला पदव्युत्तर प्रवेश हवा असेल तर आधी दोन वर्षं खेड्यात काम करावं लागे. डॉक्टरांना खासगी प्रॅक्टिस करता येत नाही. खादी आणि शाकाहार यांची काही मुलं थट्टा करतात, तशी कोणत्याही वसतिगृहात नियमांची होतेच. माझं मत असं, की खादी नसती तरी चाललं असतं. त्या कुटुंबांशी वर्षानुवर्षांचा संबंध नसता तर मात्र सेवाग्राम सेवाग्राम राहिलं नसतं.

ज्वारीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मेडिसिन विभागातले डॉ. उल्हास जाजू सत्तरच्या दशकाच्या शेवटी सेवाग्रामजवळच्या पुजईसारख्या गावांत नियमाने जाऊ लागले. डोक्यात कल्पना नेहमीची होती, की गावात छोटा दवाखाना काढावा, लोकांना आरोग्य शिकवावं. गावाने त्यांना वेगळंच शिकवलं. खोकला-पडशाचं आमचं आम्ही पाहू, माणूस मरणाच्या दारात असला की मोठ्या दवाखान्याचं दार उघडं हवं, अशी लोकांची मागणी होती. त्यातून आरोग्यविम्याची योजना आकाराला आली. सुगीला ज्वारी निघाली की प्रत्येक घराने आपल्या जमिनीच्या मानाने ज्वारी द्यायची. भूमिहीनाने थोडी, बागाईतदाराने जास्त. गावातल्या बहुतांश घरांनी भाग घेतला तरच गाव योजनेत. बदल्यात अचानक आलेल्या आजारपणात कस्तुरबामध्ये भरती झाल्यास उपचार फुकट. आधीच ठरवता येणाऱ्या बाबी, म्हणजे साधं बाळंतपण किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, यांना सवलतीचा दर.

अर्थशास्त्राची पुस्तकं विम्याविषयी सांगतात त्यातले अर्धेअधिक धोके या रचनेने टाळले. फक्त आजाऱ्यांनीच विमा काढायचा ही अडचण सगळं गाव घेतल्याने सुटली. रोख रक्कम नसण्याची अडचण धान्याने सोडवली. कोण किती देऊ शकतो हे गावाला ठाऊक असतं, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला लागला नाही. जाजूंनी यावर इंग्रजीत 'व्हेन द सर्च बिगॅन' हे पुस्तक लिहिलं. त्यातली विनोबांची छाया लपत नाही. पण ते भक्तिभावाने लिहिलेलं नाही, आपलं कुठे चुकलं हेही ते सांगतं. नंतर जिल्ह्यातली ज्वारी गेली आणि सोयाबीन आलं. शेतकऱ्याच्या घरात खाण्यापुरतीही ज्वारी पिकेना, तेव्हा ज्वारीच्या जागी रोख आली. पुढे सरकारी जीवनदायी योजना आली, आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. ती मोठी आहे, गरजेची आहे. पण कार्ड दाखवणारा लाभार्थी आणि आपल्या शेतातली पायली देणारा सभासद यांचा दवाखान्यावरचा हक्क सारखा नसतो. पायलीवाला जाब विचारतो.

सामुदायिक आरोग्य विभागाचं काम याच मातीतलं. २००३ पासून पाच वर्षं आगाखान फाउंडेशनच्या मदतीने वर्ध्यातल्या ६७ गावांत 'क्लिक्स' नावाचा बालजीवनरक्षणाचा कार्यक्रम चालला. गावाची समन्वय समिती, गावानेच निवडलेली आरोग्यदूत बाई, बचत गट आणि किशोरी पंचायत अशी त्याची रचना होती. किशोरी पंचायत म्हणजे मुलींचीच पंचायत. त्यांनी आपल्यातून पुढाऱ्या निवडायच्या आणि आरोग्याचे विषय एकमेकींना समजावायचे. आंजी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या २३ गावांत या विभागाने पाळीच्या स्वच्छतेवर काम केलं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातले आकडे बोलके आहेत. पाळी येण्याआधी तिच्याविषयी ठाऊक असणाऱ्या मुली ३५ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर गेल्या. तयार पॅड वापरणाऱ्या ५ वरून २५ टक्के झाल्या. तेच कापड धुऊन पुन्हा वापरण्याचं प्रमाण ८५ वरून ५७ टक्क्यांवर आलं. पाळीविषयी दूरदर्शनवर आणि सिनेमात मोकळेपणाने बोललं जाऊ लागलं, त्याच्या पुष्कळ आधीची ही गोष्ट. आणि ती जाहिरातीने घडली नाही, आंजीच्या परिसरातल्या पोरींनी पोरींना सांगून घडली.

सेवाग्रामच्या नावावर जागतिक पातळीवर गाजलेला अभ्यासही आहे, आणि त्यात डॉक्टरांनी स्वतःचीच तपासणी केली. क्षयरोग्यांच्या सहवासात दिवसरात्र असणाऱ्या डॉक्टर, परिचारिका आणि विद्यार्थ्यांच्या शरीरात क्षयाचा सुप्त संसर्ग किती असेल? डॉ. श्रीप्रकाश कलंत्री, डॉ. रजनीश जोशी आणि त्या वेळी अमेरिकेत काम करणारे डॉ. मधुकर पै यांच्या पथकाने दवाखान्यातल्या ७२६ जणांना अभ्यासात घेतलं. एक तपासणी जुनी, हातावर टोचण्याची. दुसरी नवी आणि महागडी, रक्ताची. २००५ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले गेले. निम्मे लोक दोन्हींपैकी किमान एका तपासणीत बाधित ठरले. वय आणि नोकरीची वर्षं वाढली तसा संसर्ग वाढलेला. आणि दोन्ही तपासण्यांत प्रमाण जवळजवळ सारखं, एकीत ४० टक्के, दुसरीत ४१. नव्या तपासणीच्या कौतुकाच्या काळात आलेल्या या उत्तराने गरीब देशांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली, की जुनी स्वस्त तपासणी टाकून द्यायची घाई नको. आणि दवाखान्यात काम करणाऱ्यांनाही क्षयापासून जपायला हवं, हा मुद्दा तर फारसं कोणी काढत नव्हतं.

बाकीचं थोडक्यात. जीवरसायन विभागात डॉ. बी. सी. हरिनाथ यांनी हत्तीरोग आणि क्षयाच्या निदानासाठी रक्तातली प्रतिपिंडं व प्रतिजनं शोधणाऱ्या चाचण्या विकसित केल्या. हत्तीरोग हा पूर्व विदर्भाचा जुना रोग, त्यामुळे विषय निवडण्यामागचं कारण विचारायला नको. मेळघाटात उतावलीला संस्थेचं डॉ. सुशीला नायर यांच्या नावाचं रुग्णालय आहे. कोविशील्ड लशीच्या २०२०च्या भारतातल्या चाचण्या ज्या मोजक्या केंद्रांत झाल्या त्यांत पुण्या-मुंबईच्या, दिल्लीच्या रांगेत सेवाग्रामही होतं.

या जिल्ह्याला असं काम नवं नाही. परचुरे शास्त्रींचे महारोगाचे व्रण गांधीजी स्वतः धूत, ती जागा आश्रमात आजही दाखवतात. दत्तपूरचं मनोहर दिवाणांचं कुष्ठधाम, आणि १९५१ साली स्थापन झालेलं, वर्ध्यात मुख्यालय असलेलं गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान, ही त्याच वाटेवरची ठिकाणं. प्रतिष्ठानच्या डॉ. वर्देकरांनी घरोघर जाऊन रुग्ण शोधणं, लोकशिक्षण आणि घरीच उपचार अशी पद्धत बसवली, आणि देशाच्या कुष्ठनियंत्रण कार्यक्रमाने ती उचलली. रुग्णाला वस्तीबाहेर टाकायचं नाही, आपणच त्याच्या वस्तीत जायचं, ही गोष्ट वर्ध्याने वैद्यकीय महाविद्यालय निघण्याआधीच शिकून घेतली होती.

तक्रार एकच, आणि ती मोठी आहे. आंजीच्या पोरींवरचा अभ्यास इंग्रजीत आहे, ३९० रुग्णांच्या पापण्यांचा अभ्यास इंग्रजीत आहे, ज्वारीच्या विम्याचं पुस्तकही इंग्रजीत आहे. जगाने वाचावं म्हणून ते ठीक. पण ज्यांनी माहिती दिली, रक्त दिलं, ज्वारी दिली, त्यांना निष्कर्ष त्यांच्या भाषेत मिळणं हा त्यांचा हक्क आहे. शोधनिबंध छापला गेला की त्याचं पानभर मराठी टिपण त्या गावाच्या ग्रामसभेत वाचून दाखवण्याचा नियम सेवाग्रामने करावा, आणि वर्ध्याच्या लोकांनी तो करून घ्यावा. आपल्या गावातून कोण काय विचारून गेलं, आणि त्यातून काय निघालं, हे पुढच्या ग्रामसभेत सरपंचाला विचारा.