मागील पानावरून पुढे

‘नवा अल्बम आलाय’ असं कुणी सांगितलं, की त्यात नवी गाणी असणार हे आपण गृहीत धरतो. चित्रपटसंगीतानं आपल्याला तशी सवयच लावून ठेवली आहे. जॅझचा मामला मात्र वेगळा. तिथं पंचविशीतली गायिका पणजीच्या काळातलं गाणं गाते, आणि तरीही तो अल्बम नवाच म्हणवला जातो. हा काय प्रकार आहे, असं मला अनेक मित्रांनी विचारलं आहे. ‘तुला त्या गोंगाटात सापडतं तरी काय?’ हा त्याच प्रश्नाचा जरा फटकळ भाऊ!

उत्तर तसं आपल्या घरातच आहे. यमनची एखादी बंदिश आपण दहा गवयांकडून ऐकलेली असते. अकरावा ती गाऊ लागला, की ‘ही तर जुनीच’ म्हणून आपण उठून जात नाही. उलट सरसावून बसतो. हा आता तिचं काय करतो ते बघू, म्हणतो. जॅझवाल्यांच्या अशा बंदिशींना ‘स्टँडर्ड’ म्हणतात. त्यांतल्या बऱ्याचशा १९२० ते १९५० या काळात ब्रॉडवेच्या संगीतनाटकांसाठी आणि हॉलिवूडच्या चित्रपटांसाठी लिहिल्या गेल्या. पुढे त्यांतली कित्येक नाटकं विसरली गेली, गाणी तेवढी मागे उरली. आपल्या नाट्यपदांचं याहून निराळं काय झालं?

साम्य असलं, तरी एक मोठा फरक आहे. आपल्याकडे तंबोऱ्याचा षड्ज शेवटपर्यंत हलत नाही. गवई कितीही लांब गेला, तरी घर जागच्या जागी असतं. जॅझमध्ये पियानोवाला दर एक-दोन आवर्तनांनी पायाखालची जमीनच बदलतो. बरीचशी गाणी बत्तीस आवर्तनांची असतात. आठ-आठचे चार भाग. पहिला, दुसरा, चौथा एकसारखे आणि तिसरा आपल्या अंतऱ्यासारखा वेगळा. गाणं एकदा सरळ गायचं. मग त्याच सांगाड्यावर प्रत्येकानं आपापल्या मनानं नवं काही रचायचं, आणि शेवटी पुन्हा मूळ गाण्यावर यायचं. हे एवढं ध्यानात ठेवलं, की गोंगाटाचा निम्मा भाग तिथंच ओसरतो.

मी नोकरीला लागलो तेव्हा बँकेत हातानं लिहायच्या खतावण्या होत्या. पान संपलं, की खाली बेरीज मांडायची आणि पुढच्या पानाच्या पहिल्या ओळीत ‘मागील पानावरून’ असं लिहून तोच आकडा उतरवायचा. नवं पान कधी कोरं नसे. संगणक आले आणि ती ओळ गेली. जॅझच्या नव्या अल्बममध्ये मला ती पुन्हा भेटते. प्रश्न एवढाच असतो, की मागचा आकडा उतरवून घेतल्यावर कलावंतानं स्वतःची भर काय घातली?

सेसिल मॅक्लॉरिन सॅल्व्हंटचं उदाहरण घ्या. ही १९८९ साली मायामीत जन्मली. वडील हैतीचे, आई फ्रेंच. शिकायला फ्रान्सला गेली ती कायदा आणि शास्त्रोक्त पाश्चात्त्य गायन, आणि रमली जॅझमध्ये. २०१० साली तिनं अमेरिकेतली मंक स्पर्धा जिंकली. ‘द विंडो’ या २०१८च्या अल्बममध्ये बहुतेक वेळ ती आणि पियानोवादक सलिव्हन फोर्टनर असे दोघंच आहेत. आडोशाला ना ढोल, ना बास. एका शब्दावर ती रेंगाळली, की फोर्टनर थांबतो. तिनं खोडी काढली, की तोही काढतो. तबलजी आणि गायिकेची डोळ्यांनी चाललेली बातचीत आपण बैठकीत पाहतो, तसंच हे. फक्त इथं ती कानांनी पाहायची.

२०२३च्या ‘मेल्युझिन’मध्ये तर ती स्टँडर्डच्याही मागं गेली. मेल्युझिन ही युरोपातल्या दंतकथेतली स्त्री. शनिवारी मला पाहायचं नाही, या अटीवर ती लग्न करते, कारण त्या दिवशी कमरेखाली ती सर्पिणी असते. नवरा अर्थातच डोकावतो, आणि शेवटी तिला गमावतो. आपल्याला शंतनू आणि गंगा आठवल्याशिवाय राहत नाहीत! ही गोष्ट सॅल्व्हंट फ्रेंच, ऑक्सितान, हैतीची क्रिओल आणि इंग्रजी अशा भाषांतून गाते. त्यातली काही सामग्री थेट बाराव्या शतकातली, काही गाणी तिची स्वतःची. आठशे वर्षांची मागील बाकी उतरवून घेणारा हा अल्बम ऐकताना कुठंही संग्रहालयाचा वास येत नाही.

दुसरी समारा जॉय. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९९९ साली जन्मली. आजी-आजोबा फिलाडेल्फियाच्या एका गॉस्पेल मेळ्यात गाणारे, वडीलही गायक-वादक. घरात गाणं होतं. जॅझ मात्र तिला गवसला कॉलेजात. ‘लिंगर अव्हाइल’ हा अल्बम २०२२ साली आला आणि २०२३ साली सर्वोत्तम नवोदित कलावंताचा ग्रॅमी तिला मिळाला. तो मान सहसा पॉपवाल्यांकडे जातो. त्या लाटेवर स्वार होऊन सोपी, गोड गाणी काढणं तिला सहज शक्य होतं. २०२४च्या ‘पोर्ट्रेट’मध्ये तिनं बरोबर उलट केलं.

चार्ल्स मिंगस या थोर बासवादकानं चार्ली पार्करच्या स्मरणार्थ एक अवघड वाद्यरचना केली होती. पार्कर १९५५ साली गेला. त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी या मुलीनं त्या सुरावटीवर स्वतःचे शब्द लिहिले. सुरुवातीला बराच वेळ ती एकटीच गाते. खाली कुणाचाही आधार नाही, आणि वाद्यं येतात तेव्हा ती नेमकी आपल्या जागी सापडते. हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला न्यू जर्सीतल्या व्हॅन गेल्डर स्टुडिओत. जॉन कोल्ट्रेनचं ‘अ लव्ह सुप्रीम’ १९६४ साली तिथलंच. रूडी व्हॅन गेल्डर हा मूळचा चष्म्यांचे नंबर काढणारा. कित्येक वर्षं दिवसा डोळे तपासायचे आणि संध्याकाळी आईवडिलांच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचं, असा त्याचा क्रम होता. १९५९ साली त्यानं स्वतःचा स्टुडिओ बांधला. दिवसा नोकरी आणि रात्री लेखन करणाऱ्या माझ्यासारख्याला हा माणूस जवळचा वाटला, तर नवल नाही.

‘पोर्ट्रेट’मध्ये समाराच्या साथीला सात वादक आहेत, आणि गाण्यांचं संयोजन बरंचसं त्यांच्यातूनच झालं आहे. जॅझच्या अल्बमवर प्रत्येकाचं नाव असतं: ट्रम्पेट कुणाचा, ढोल कुणाचे, संयोजन कुणाचं. इथं मी थबकतो, कारण आपल्या मुंबईची गोष्ट आठवते.

१९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, टेडी वेदरफोर्ड असे कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंत वाजवत. त्यांचं वाजवणं गोव्याच्या पोरांनी आत्मसात केलं. हॉटेलांतून वाजवता वाजवता ही मंडळी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जाऊ लागली. अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, त्यांपैकीच. सी. रामचंद्रांचा ‘अलबेला’ १९५१चा. भगवानदादांच्या त्या चित्रपटात चिक आणि त्याचे साथीदार पडद्यावरही दिसतात. पण असं भाग्य किती जणांचं? सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस या माणसांनी वाद्यमेळ बांधले, स्वरलिपी लिहिल्या. सामान्य श्रोत्याला त्यांची नावं ठाऊक नव्हती. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’च्या गाण्यात गोन्साल्विस हे नाव घरोघरी पोचलं, ते प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूची अशी आठवण ठेवली म्हणून. लोक मात्र ते नाव पडद्यावरच्या अमिताभचंच समजले!

आज तबकडीचं पाकीट गेलं. मोबाइलवर अल्बमचं चित्र नखाएवढं दिसतं आणि त्याखाली बहुधा एकच नाव, मुख्य कलावंताचं. साथीदार कोण, हे शोधावं लागतं. खतावणीतल्या त्या ओळीसारखीच ही नावं हळूहळू नाहीशी होतील, अशी धास्ती वाटते. पुढचा आकडा कुणाच्या खात्यातून आला हेच कळलं नाही, तर तो पुढे नेणार कोण?

म्हणून चार्ल्स लॉइड यांचं वाजवणं मला मोलाचं वाटतं. हे मेम्फिसचे सॅक्सोफोनवादक. १९६६च्या मॉन्टेरे महोत्सवातल्या ‘फॉरेस्ट फ्लॉवर’नं ते गाजले, आणि काही वर्षांतच सगळं सोडून कॅलिफोर्नियातल्या बिग सरला एकांतात गेले. वेदांताचा त्यांच्यावर प्रभाव आहे. २००४ साली बिली हिगिन्स या ढोलवादक मित्राच्या स्मरणार्थ सांता बार्बराला मैफल झाली. तीत लॉइड आणि एरिक हार्लंड यांच्यासोबत माहीमचे झाकीर हुसेन होते. ‘संगम’ नावानं २००६ साली ती प्रसिद्ध झाली. पुढं २०२२ साली गिटारवादक ज्युलियन लाज, झाकीर आणि लॉइड यांचा ‘सेक्रेड थ्रेड’ आला. त्यातल्या एका रचनेच्या नावात नचिकेत आहे. यमाच्या दारात तीन दिवस उपाशी बसून मरणाविषयी विचारणारा तोच कठोपनिषदातला मुलगा. डिसेंबर २०२४मध्ये झाकीरभाई गेले. तेव्हापासून ही रचना मी निराळ्या कानांनी ऐकतो. तबला बोलतो, सॅक्सोफोन हळूच विचारतो, आणि उत्तराची घाई कुणालाच नसते.

१५ मार्च २०२४ रोजी, शहाऐंशीव्या वाढदिवशी, लॉइड यांनी ‘द स्काय विल स्टिल बी देअर टुमॉरो’ हा दोन तबकड्यांचा अल्बम काढला. पियानोवर जेसन मोरान, बासवर लॅरी ग्रेनेडियर, ढोलांवर ब्रायन ब्लेड. यात त्यांनी स्वतःच्याच काही जुन्या रचना पुन्हा वाजवल्या आहेत. तरुणपणीचा दमसास आता नाही. पण दोन स्वरांमध्ये जागा सोडायचं धाडस तेव्हा इतकं नसतं.

यांपैकी एखादा अल्बम रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर लावून पाहा. मधलं गाणं उचलू नका, पहिल्यापासून ऐका. आणि ऐकण्याआधी दोन मिनिटं खर्च करून कोण काय वाजवतंय ते शोधा, जमल्यास एका कागदावर लिहून घ्या. नावं ठाऊक असली, की कोण कुणाशी बोलतंय ते आपोआप ऐकू येऊ लागतं.