पेन ड्राइव्हमध्ये जागा आहे, तरी बॅकअप का अडतो?

64 जीबीचा पेन ड्राइव्ह, त्यात 50 जीबी मोकळे. ताईच्या लग्नाचा व्हिडिओ 5.2 जीबीचा. तरी ओटीजीने कॉपी करायला घेतला की बराच वेळ चालून ‘कॉपी झाली नाही’! केबल बदलली, फोन रीस्टार्ट केला, शेवटी दुकानदाराशी भांडायच्या तयारीत होतो. (मी इंजिनिअर आहे, हे तेवढं विसरा.)

दोष पेन ड्राइव्हचा नव्हता, त्याच्या फॉरमॅटचा होता. तो एफएटी32 मध्ये होता. ही 1996 सालची, विंडोज 95 च्या जमान्यातली पद्धत. तिच्यात प्रत्येक फाइलचा आकार नोंदवायला 32 बिट असतात आणि 32 बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा आहे 4,29,49,67,295. तेवढ्या बाइट्सच्या पुढे आकार लिहायला जागाच नाही. म्हणजे 4 जीबीला एक बाइट कमी. ड्राइव्ह कितीही मोठा असो, ही मर्यादा एकेका फाइलला लागते. म्हणून 2 जीबीचे वीस व्हिडिओ आरामात जातात आणि 5 जीबीचा एकच अडतो. 4के व्हिडिओ मिनिटाला 350 एमबी खात असेल, तर 12 मिनिटांत ही हद्द ओलांडली जाते. सगळे फोटो एकाच झिपमध्ये भरले तरी तेच.

खरी भीती पुढे आहे. कधी कधी अर्धवट फाइल ड्राइव्हवर तशीच राहते. नाव दिसतं, आपण निर्धास्त होऊन फोन रीसेट करतो. मी करणारच होतो! आधी दोन्हीकडचा आकार जुळवा आणि व्हिडिओचा शेवट चालवून बघा.

विंडोजमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘फाइल सिस्टीम’ बघा. एफएटी32 असेल, तर ड्राइव्हवरचा डेटा दुसरीकडे हलवा (फॉरमॅटमध्ये सगळं पुसलं जातं) आणि एक्सएफएटीमध्ये फॉरमॅट करा. विंडोज, मॅक आणि बरेचसे नवे अँड्रॉइड फोन ते वाचतात. एनटीएफएसच्या वाटेला जाऊ नका, मॅक त्यावर सहसा लिहू देत नाही आणि बरेच फोन ओळखतही नाहीत.

घरच्या जुन्या टीव्हीला किंवा गाडीच्या स्टिरिओला एफएटी32 च लागत असेल, तर लॅपटॉपवर सेव्हन-झिपने फाइलचे 4000 एमबीचे तुकडे करा. परत जोडताना .001 वाला तुकडा उघडायचा, पण सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये हवेत. एक जरी हरवला, तर फाइल पूर्ण जुळणार नाही.